सुम्मी आली

रिक्षा गोवावेसला वळत होती तेव्हा आईनं मला विचारलं, "त्यांच्यात पण माग होता काय गं?" तिनं ते माझ्या कानात विचारलं, म्हणजे रिक्षावाल्याला, शेजारच्या मोटरसायकलवाल्याला आणि चौकातल्या पोलिसाला एकदमच ऐकू गेलं; पस्तीस वर्षं दोन यंत्रमागांच्या मधे उभी राहिलेली बाई कुजबुजते ती अशीच. तिच्या मांडीवर समारंभात मिळालेला कुंद्याच्या मिठाईचा डबा होता. चेहरा उजळलेला. मी बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एका दुकानाच्या पाटीवर वर मोठ्या अक्षरात कन्नड आणि खाली बारीक मराठी, आणि मराठीत 'शुध्द तूप' असं लिहिलेलं, ध ला द उलटा जोडलेला. मला एरवी असल्या पाटीनं दिवसभर टोचतं. आज टोचलं नाही, यावरून मला कळलं की मला राग आलाय. होता काय माग, मी स्वतःला विचारलं. कंग्राळीच्या मारुतीराव मास्तरांच्या घरी माग होता काय. नव्हता. दोन बैल होते, एक म्हैस होती, भाताचं शेत होतं आणि दारात शेणाचा ढीग होता. माग मी नेऊन ठेवला. मी, सुवर्णा, अकरा वर्षं त्यांची लेखनिक, संपादक, मुद्रितशोधक, आणि त्यांचे डोळे गेल्यापासून तीन वर्षं त्यांचे डोळेसुद्धा. मी त्यांच्या घरात आमचा माग उचलून ठेवला आणि वर त्याची सुताची कांडी भरून दिली.

"असंल," मी आईला म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही, पण तिनं माझ्या ओठांकडं बघितलं आणि मान हलवली. मागाच्या आवाजात आयुष्य काढलेल्या बाया ओठ वाचतात. म्हणूनच तर घोटाळा झाला. सभागृहातला ध्वनिक्षेपक घरघरत होता आणि पाठीमागच्या निम्म्या लोकांना आप्पांचं भाषण कळलंच नाही. माझ्या बहिऱ्या आईला दुसऱ्या रांगेतून शब्दन्‌शब्द कळला.

समारंभ शनिवारचा, आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. मारुतीराव मास्तरांना सगळे आप्पा म्हणतात. तीस वर्षं निपाणीत मास्तरकी, चौदा कादंबऱ्या, सीमाभागाचा आवाज वगैरे. मानपत्र मीच लिहिलेलं. त्यात 'अस्सल' हा शब्द तीन वेळा आला होता, मी दोन काढले, ते त्यांनी परत घालायला लावले. शाल झाली, नारळ झाला, आणि मग आप्पा उभे राहिले, माईक चाचपला, आणि अजून छापून न आलेल्या आत्मचरित्रातला भाग सांगायला लागले. आईचा भाग. आमच्या घरी माग होते, म्हणाले, दिवसभर खडखडाट. आणि करंट गेला की सगळं एकदम थांबायचं. मग आमची आई म्हणायची, सुम्मी आली. सभागृहात आऽ असा आवाज झाला. पुण्याहून आलेल्या प्रकाशकांनी डोळे मिटून मान डोलावली. मी माझ्या आईकडं बघितलं. तिनं तोंडावर पदर घेतला होता आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

सुम्मी. हा शब्द कुठल्याही कोशात नाही, मी तीस वर्षं कोश चाळतेय. कन्नडात 'सुम्न कुंद्रु' म्हणजे गप्प बस. आईची आई कन्नड बोलायची, वडील मराठी, आणि आई दोन्हींच्या मधे उभी राहून जे हाताला लागेल ते बोलायची. त्या 'सुम्न'ला तिनं कधीतरी मराठी ईकार लावला, बाईमाणूस केलं, आणि आमच्या वडगावच्या घरात करंट गेला की ती बाई यायला लागली. सुम्मी आली गं. मी चारपाच वर्षांची असताना दारात जाऊन बघून यायचे, कोण आलंय. मला वाटायचं ती शहापूरकडनं येत असणार, अनवाणी, पायात काही वाजत नसलेली. एकदा तिच्यासाठी पाट मांडला होता तर आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला अडखळून पडले. चौथीत निबंधात लिहिलं, 'दुपारी सुम्मी आली तेव्हा आम्ही जेवलो.' बाईंनी तांबड्या शाईनं गोल करून लिहिलं, असा शब्द नाही. मी वही घरी आणून दाखवली. आण्णा म्हणाले, मी सांगतच होतो हिला, असा शब्द न्हाय. मावशी आली होती तिकोट्याहून, तिनंही सांगितलं, कन्नडातसुद्धा असा शब्द नाही. दोन्ही भाषांनी हात झटकले. पुढच्या वेळी करंट गेला तेव्हा आई नुसती म्हणाली, "आली." नाव घेतलं नाही. मोठी होऊन मी तीच तांबडी शाई हातात घेतली, एका दैनिकात एकोणीस वर्षं, ते बंद पडेपर्यंत. असा शब्द नाही, असं मी किती लोकांना लिहिलं असेल.

तर ज्या घरात बोललेलं ऐकू येत नाही त्या घरात बोलायचं सगळं करंट जायच्या वेळेपर्यंत साठत जातं. भाजी काय करायची हे खुणांनी होतं. पण आजी गेली हे मला सुम्मीत कळलं. ताईचं लग्न ठरलं ते सुम्मीत. मी दहावीला पहिली आले हे आण्णांना सांगायला मी दुपारी बारापासून साडेतीनपर्यंत निकालाचा कागद हातात घेऊन मागाशेजारी उभी होते, कारण ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती. आणि एकदा, मी सतरा वर्षांची असेन, उन्हाळा, दोन्ही माग थांबले, आई तुटलेले धागे सांधायला वाकली होती, आण्णा पलीकडच्या मागाला टेकून उभे. घाम पुसला. मग म्हणाले, "चंद्रा, मी तुला…" आणि करंट आला. दोन्ही माग एकदम खडखडायला लागले. आण्णांचे ओठ हललेच नाहीत पुढं, नाहीतर आईनं वाचले असते. त्यांनी तोंड मिटलं आणि मागाचा धोटा बघायला वळले. आई त्यांना संध्याकाळी विचारत होती, काय म्हणत होता. काय न्हाय. दुसऱ्या दिवशी विचारलं. काय न्हाय म्हटलं न्हवं. महिन्यानं विचारलं तेव्हा ते चिडले. पुढं सोळा वर्षं जगले, कितीदा करंट गेला, ते वाक्य परत आलं नाही. आईनंही मग विचारणं सोडलं. पण करंट गेला की ती त्यांच्याकडं एकदा बघायची, हे मी पाहिलंय.

हे मी आप्पांना का सांगितलं. मागच्या पावसाळ्यात आत्मचरित्राचं दुसरं प्रकरण अडलं होतं. बालपण. आप्पांची आई ते सहा वर्षांचे असताना वारली. मी विचारलं, आईचं काय आठवतं आप्पा. ते वेताच्या खुर्चीत बसले होते, बोटं खुर्चीच्या हातावर वाजवत, आणि ती बोटं थांबली. म्हणाले, कोपर. हिरव्या बांगड्या आणि कोपर. आणखी काय? मग त्या न दिसणाऱ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि ते म्हणाले, "एवढंच हाय गं. चौदा पुस्तकं लिवली आन्‌ आई एवढीच हाय." मला त्यांची दया आली. दया ही संपादकाला परवडणारी गोष्ट नाही, हे मला आता कळतंय. मी म्हटलं, आमच्या आईचं सांगू का, ऐकून कदाचित तुम्हाला काही आठवेल. विहिरीला पाणी लागावं म्हणून वरनं घागरभर ओतावं तसं. आणि सांगितलं. सुम्मी, पाट, ते वाक्य, सगळं. त्यांनी फार नीट ऐकलं. त्यांच्याइतकं नीट मला आजवर कुणी ऐकलेलं नाही, माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दहाला मी गेले, लॅपटॉप उघडला आणि आप्पा म्हणाले, घे. "आमच्या घरी माग होता."

मी टंकलं. राग येतो तो इथं येतो, या बोटांवर. मला वाटलं, रूपक म्हणून घेतायत, पुढं सोडवतील. त्यांनी धोटा पायानं मारतात असं सांगितलं, तर मी दुरुस्त केलं: आप्पा, पायानं नाही. घरात एकच माग असता तर थांबल्यावर एवढी शांतता वाटली नसती, दोन पाहिजेत, हेही मीच सुचवलं. चोरी करणाऱ्याला कडी कुठल्या बाजूला आहे ते मी दाखवत होते आणि वर शुद्धलेखन तपासत होते. संध्याकाळी वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, व्हय, अगदी असंच. आणि त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती तर मी तिथंच भांडले असते. त्यांना खरोखरच आठवत होतं.

पूर्वी याच गोष्टीचं मला हसू यायचं. माझ्या कामाच्या सहाव्या वर्षी त्यांनी एका कथेत सांगितलं, तिचं तोंड सुकलं. माझ्या हातून पडलं, तिचं तोंड मुकलं. छापून आलं. पुण्याच्या एका समीक्षकानं त्या एका शब्दावर दीड पान लिहिलं, सीमाभागातल्या बाईचं मूक दुःख वगैरे, आणि आप्पा तेव्हापासून मुलाखतीत सांगतात, आमच्या कंग्राळीकडं तोंड मुकतं. तेव्हापासून कंग्राळीकडं खरंच मुकत असेल तर मला माहीत नाही. ती माझी चूक होती, ती त्यांनी नेली, मला त्यातनं मजा मिळाली. चुकीवर माझा हक्क नव्हता. पण आईवर? वाक्यावर?

कारण रिक्षात आई पुढं जे बोलली ते ऐकून माझ्या हातातली पर्स खाली पडली. शहापूर मागं पडलं होतं, यंत्रमागांचा आवाज लांबून यायला लागला होता. आता पूर्वीसारखा नाही, चार घरांत मिळून एखादा चालतो. आमचे दोन्ही भंगारात गेले आणि माझा भाऊ उद्यमबागेत फाउंड्रीत जातो. आई म्हणाली, "त्यांच्या म्हाताऱ्यानं सांगितलं तरी, बायकोला. आमच्यानं न्हाय सांगितलं." मी विचारलं, काय सांगितलं? मी तेव्हा तिच्याकडं बघत होते, भाषणाचा तो तुकडा माझ्याकडनं सुटला होता. आईनं दोन्ही हातांनी कुंद्याचा डबा सरळ केला आणि म्हणाली, "मालू, मी तुला लई राबवलं. असं म्हणाला न्हवं त्यांचा बा."

ते पुस्तकात नव्हतं. मी टंकलं होतं तिथं चंद्राच्या जागी आप्पांच्या आईचं नाव, 'मालू, मी तुला' आणि पुढं तीन टिंबं होती. निदान तेवढी लाज मी राखली होती. आप्पांनी माईक हातात आल्यावर, लोक समोर बसल्यावर, माझ्या बापाचं वाक्य पुरं केलं. सोळा वर्षं आण्णांना जमलं नाही ते त्यांना एका नारळावर जमलं. टाळ्या पडल्या होत्या, त्या मला आठवल्या. मी समजले होते सुम्मीला पडल्या. आणि किती स्वस्त वाक्य. लई राबवलं. आण्णा असं म्हणालेच नसते. कदाचित ते म्हणणार होते, मी तुला सकाळी उगाच बोललो. कदाचित, मी तुला डोक्याला तेल आणतो. कदाचित, मी तुला सांगितलं होतं तो धागा बघ म्हणून. काहीही असेल. ते काहीही असणं हीच आमच्या घरातली एक वस्तू होती, भिंतीतल्या कोनाड्यासारखी, आणि आप्पांनी त्यात आपला गणपती आणून बसवला.

घरी पोचल्यावर आईनं चप्पल काढायच्या आधी शेजारच्या भाग्यलक्ष्मीला हाक मारली. मास्तरांच्या आईचा बी तोच शब्द, म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. चुकत न्हवते मी, आई म्हणाली, खरंच शब्द हाय तो. ब्याऐंशी वर्षांची बाई, पन्नास वर्षांपूर्वीच्या तांबड्या गोलातून बाहेर आली. आता मी तिला सांगायचं होतं काय, की तो शब्द तुझाच आहे, म्हणजे नाहीच आहे? मी गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे काढले. वाळले नव्हते तेही काढले.

सोमवारी टिळकवाडीला आप्पांकडं गेले. प्रकाशकांकडनं सकाळीच आलेली शेवटची मुद्रितं वाचून त्याच दिवशी फाईल पुण्याला पाठवायची होती. आप्पा खूश होते, सत्काराचा हार खुर्चीच्या पाठीला अजून तसाच, त्याच्यावर मुंग्या. मी बसायच्या आधी म्हटलं, आप्पा, तुमच्या घरी माग नव्हता. अक्काताई, त्यांच्या बायको, खाली वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनीच उत्तर दिलं, मान वर न करता: "आमच्यात कुठला माग? गोठा होता." आप्पा म्हणाले, तुला काय म्हाईत, तू नंतर आलीस. अक्काताई म्हणाल्या, साठ वर्षांपूर्वी आले, तेव्हा पण गोठाच होता, मी शेण काढलंय. आप्पा हसले, दयेनं हसावं तसं, आणि मला म्हणाले, मला अजून ऐकू येतंय गं. चार माग होते. मी म्हटलं, पुस्तकात दोन आहेत. म्हणाले, मग चार कर.

चार कर. अकरा वर्षांत मी त्यांचं किती काय दोनाचं चार केलं. रागाचं एक बरं असतं, तो आला की हात थरथरत नाहीत, उलट नेटके चालतात. मी म्हटलं, प्रकाशकांना शेवटी शब्दांची सूची पाहिजे होती, ती मी केलीय. त्यात एक नोंद वाचते. वाचली. सुम्मी, स्त्रीलिंगी नाम. वीज जाऊन माग थांबल्यावर घरात येणारी शांतता. हा शब्द चंद्राबाई, विणकर गल्ली, वडगाव यांचा. आप्पांनी विचारलं, "चंद्राबाई कोण?"

"माझी आई."

त्यांनी विचार केला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मला खरंच वाटलं, आता काहीतरी सरकेल, त्या पावसाळ्यातली सकाळ वर येईल. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि ते प्रेमानं, अगदी मनापासून म्हणाले, "मग ती आमच्या आईकडनं शिकली असंल. तेवढं घाल त्यात."

अक्काताईंच्या हातातला वाटाणा जमिनीवर पडला आणि घरंगळत खुर्चीखाली गेला. मी काही घातलं नाही. नोंद होती तशी ठेवली. दुसरं प्रकरण उघडलं आणि वाचायला लागले, मोठ्यानं, त्यांना आवडतं तसं, पूर्णविरामाला थांबून. कोपर, हिरव्या बांगड्या. माग, दोन. खडखडाट. करंट जातो. आई म्हणते, सुम्मी आली. आप्पांची बोटं खुर्चीवर वाजत होती. वाक्य आलं. तिथं शनिवारच्या टिंबांऐवजी शब्द होते. रविवारी त्यांनी नातवाकडून फोन करून प्रकाशकांना सांगितलं असणार, टाळ्यांचं वाक्य घाला म्हणून. मला न विचारता माझ्या मुद्रितात दोन शब्द आले होते, आणि 'लई'तली दीर्घ ईही चुकली होती, 'लइ' पडलं होतं. मी वाचलं, "मालू, मी तुला…" आणि थांबले.

आप्पा पुढची वाट बघत होते. त्यांचे ओठ हलले, ते पुढचे दोन शब्द मनात म्हणत असावेत, आणि मी वाचत नाही म्हटल्यावर तेही थांबले. माझी बोटं कळांवर नव्हती. अक्काताईंचे हात थांबले होते. रस्त्यावरनं त्या वेळी काही गेलं नाही. डोक्यावर पंखा संथ फिरत होता, हाराची एक पाकळी त्याच्या वाऱ्यानं हलत होती. अशी शांतता झाली की मला आमच्या घरातली तेलाचा, सुताचा, खळीचा वास येणारी दुपार एकदम आठवली आणि मी, रागाच्या ऐन भरात, त्यांना संधी दिली. म्हणू दे सुम्मी आली, मनात म्हटलं. ज्याच्या आईचा तो शब्द आहे त्याच्या तोंडात आत्ता तो येईल, विचार न करता येईल. आला तर मी हरले. आला तर चार माग करीन, मालू पण ठेवीन, सगळं ठेवीन.

आप्पांनी मान तिरकी केली. छताकडं कान लावला. त्यांच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्या माणसाची भीती आली, आणि ते म्हणाले, "करंट गेला काय गं?"

मी उत्तर द्यायच्या आधी अक्काताईंनी फिरणाऱ्या पंख्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. वाटाण्यांचं ताट उचललं.

"व्हय, गेलाय," त्या म्हणाल्या. "जरा गप बसा."

आप्पा गप्प बसले. मी ते दोन शब्द पुसले. तिथं टिंबंसुद्धा ठेवली नाहीत.